परमवीर रामा राघोबा राणे: रणगाड्याच्या पुढे चालणारा माणूस

खडकीकर

राणे साहेबांवर इथे एकही धागा नाही हे बघून वाईट वाटलं म्हणून मीच काढतोय. परमवीर चक्र म्हटलं की आपल्याकडे लोकांना मेजर सोमनाथ शर्मा आठवतात, अब्दुल हमीद आठवतात, कारगिलचे विक्रम बत्रा तर घराघरात पोचलेत. पण पहिल्या पाच परमवीरांमध्ये एक कारवारचा माणूस होता, तो बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनियरांच्या आपल्या खडकीच्या बीईजीत (बॉम्बे इंजिनियर ग्रुप) होता आणि शेवटी गेलाही पुण्यातच, हे पुण्यात जन्म काढलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

जन्म २६ जून १९१८, कारवारजवळचं चेंडिया गाव. वडील पोलिसात, त्यामुळे सतत बदल्या, शाळा एका जागी अशी झालीच नाही. जुलै १९४० मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी फौजेत भरती झाले. ट्रेनिंगमध्ये सगळ्यात चांगला रिक्रूट म्हणून कमांडंट्स केन ही मानाची छडी मिळाली. मग बर्मा, २६ व्या डिव्हिजनमधली २८ फील्ड कंपनी. माघार चालू असताना बुथिडाँगला महत्त्वाच्या गोष्टी उडवून द्यायला ज्या तुकड्या मागे ठेवल्या त्यात हे होते. काम झाल्यावर नौदल येऊन त्यांना उचलणार होतं पण ते काही जमलं नाही, तेव्हा जपान्यांची गस्त चुकवत स्वतःच नदी ओलांडून हे लोक आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. शिपायापासून वर चढत आलेला माणूस, १५ डिसेंबर १९४७ ला कमिशन मिळालं, आणि चारच महिन्यांत जम्मूच्या बाजूच्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावर ते काम केलं ज्याच्यासाठी आपण आज त्यांचं नाव घेतो.

तेव्हाची परिस्थिती अशी की काश्मीरचं युद्ध चालू आणि राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्येच पाकिस्तानच्या बाजूच्या हल्लेखोरांच्या ताब्यात गेलेली. १८ मार्च १९४८ ला आपण नौशेऱ्याजवळचं झंगड परत घेतलं आणि मग राजौरीकडे निघायचं ठरलं. रस्ता डोंगरातला, अरुंद, एका बाजूला कडा एका बाजूला उतार, आणि शत्रूने त्याची पुरती वाट लावलेली. सुरुंग पेरलेले, चीडची (पाइनची) मोठमोठी झाडं आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या, आणि या सगळ्यावर वरून मशीनगन रोखलेल्या. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळ जाणार नाही आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे जाणार नाहीत. म्हणजे सगळ्यात पुढे कोण तर सॅपर.

आता त्यांचं सायटेशन, म्हणजे पदकाबरोबरचं मानपत्र, वाचा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. इतर सायटेशनमध्ये हल्ला असतो, चढाई असते, शेवटची गोळी असते. याच्यात घड्याळ आहे. ८ एप्रिल, सकाळी ११ वाजता पार्टी रणगाड्यांजवळ थांबलेली असताना मॉर्टरचे (उखळी तोफांचे) गोळे पडायला लागले, २ जण जागीच गेले, ५ जखमी, त्या पाचात स्वतः राणे. लगेच पार्टी परत उभी केली आणि काम सुरू. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बरवाली रिज हातात आली, तरी आजूबाजूला शत्रू होताच, हे माहीत असून माणसं पुढे नेली आणि रात्री १० पर्यंत शत्रूला दिसेल अशा जागी रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला परत सुरू, दुपारी ३ ला वळणरस्ता तयार. मग सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये (हलक्या चिलखती गाडीत) बसून निघाले. अर्धा मैल गेले तर झाडं आडवी. उतरले, उडवली, निघाले. तीनशे यार्डांवर परत तेच. मग उडवलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला उजेड जायला लागला आणि समोर पाच मोठी चीडची झाडं, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. हे तरी सुरुंग काढायला बसलेच, शेवटी रणगाड्यांच्या ताफ्याच्या कमांडरने सगळ्यांना मागे मुक्कामाच्या जागी घेतलं.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला परत तिथेच. साडेसहाला अडथळा साफ. पुढचे हजार यार्ड तर नुसतेच अडथळे आणि रस्त्याचे उडवलेले भराव, ते साडेदहापर्यंत साफ. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून पुढे निघून गेले आणि दुपारी २ वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचलेही, पण मागून येणाऱ्या गाड्यांना, रसदीला रस्ता लागणार होता म्हणून राणे साहेब मागे रस्त्यावरच काम करत राहिले, न खाता न थांबता, रात्री ९ पर्यंत. ११ तारखेला सकाळी ६ ला सुरू, ११ ला चिंगसपर्यंत रस्ता खुला, आणि त्या रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता.

जखमी माणूस आहे हा. पहिल्याच तासात जखमी झालेला.

मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते एवढंच, की शौर्य म्हणजे एका क्षणाची उडी असं आपण धरून चालतो आणि या माणसाने चार दिवस तेच तेच काम, तीच भीती, दर वळणावर परत पहिल्यापासून अंगावर घेतली. ज्यांना माहिती असेल त्यांनी भर घाला, आणि ज्यांच्या घरात सॅपर होते त्यांनी त्यांच्याबद्दलही लिहा.

काळीनदी

खडकीकर, फार चांगलं केलंत. मी कारवारची, आमच्याकडे राणे साहेब म्हणजे काय ते विचारू नका. टागोर बीचवर आयएनएस चपळ ही युद्धनौका म्युझियम म्हणून ठेवलीय त्याच्या शेजारीच त्यांचा पुतळा आहे. गोव्याहून गोकर्णला जाणारे लोक गाडी थांबवतात, बोटीवर चढून फोटो काढतात, आणि पुतळ्याखालचं न वाचता निघून जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा पाच मिनिटं तिथे थांबा एवढी विनंती. चेंडिया तिथून फार लांब नाही, अंकोल्याच्या दिशेने जाताना लागतं.

आणि एक, ते मराठी की कोकणी की कन्नड यावरून इथे भांडण सुरू करू नका प्लीज. आमच्या भागात एकाच घरात तिन्ही भाषा चालतात. १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यातच होतो, फौजेत जायचं तर माणसं बेळगाव नाहीतर पुण्याची वाट धरायची. ते सगळ्यांचेच आहेत.

तांबडी_माती

छान धागा. एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. परमवीर हा शत्रूसमोरच्या सर्वोच्च शौर्यासाठी असतो. सुरुंग काढणं धोक्याचं आहे हे मान्यच, पण त्यांनी समोरासमोर लढाई केली असं तर सायटेशनमध्ये नाही. मग तेव्हा हे सर्वोच्च पदक कसं काय दिलं असेल? मला खरंच समजून घ्यायचंय.

माजी_सॅपर

तांबडी माती, प्रश्न चांगला आहे, राग कशाला. मी बॉम्बे सॅपर्समधून रिटायर झालोय त्यामुळे मला जमेल तसं सांगतो.

सुरुंग हाताने काढतात म्हणजे काय करतात ते आधी बघा. पोटावर झोपायचं. बाह्या कोपराच्या वर, घड्याळ अंगठी काढून ठेवायची. आधी नुसत्या बोटांनी गवतातून चाचपायचं, तार लागते का बघायला, कारण तार डोळ्याला दिसत नाही पण कातडीला कळते. मग संगीन नाहीतर प्रॉडर (टोचायची सळई) तिरका धरून, साधारण ३० अंशात, जमिनीत हळूच सारायचा. उभा कधीच नाही. उभा घातला तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब येतो आणि काम तमाम. तिरका घातला की सुरुंगाच्या कडेला लागतो. दोन बोटं सरकायचं, परत घालायचा. दोन बोटं सरकायचं, परत. कडक लागलं की थांबायचं, संगीन बाजूला, हाताने माती बाजूबाजूने काढायची. दगड निघाला तर बरं. सुरुंग निघाला तर त्याच्या पोटाखाली अजून काही लावून ठेवलंय का ते बघायचं, कारण उचलल्यावर फुटेल अशी सोय शत्रू करून ठेवतो. मग एकतर हुक आणि दोरी लावून लांबून ओढायचा नाहीतर जागेवरच उडवायचा. साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत.

हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये खोटे सुरुंग लावून शिकवतात तरी पाठ ओली होते. थोड्या वेळाने माणूस बदलावा लागतो, कारण बोटांतली अक्कल जाते, हात दगड आणि लोखंड यातला फरक ओळखेनासा होतो. आता हेच मशीनगनच्या माऱ्यात करा, आणि तुम्ही उलटी गोळी झाडू शकत नाही कारण हात मातीत आहेत. लढणाऱ्या जवानाला निदान लपायला आडोसा असतो आणि हातात हत्यार असतं. सॅपरचं काम जिथे आडोसा नाही तिथेच असतं, शत्रूने अडथळा मुद्दाम तिथे घातलेला असतो जिथे वरून नीट नेम बसेल.

दुसरं उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धातले पहिले भारतीय व्हिक्टोरिया क्रॉसवाले प्रेमिंद्र सिंग भगत, तेही आमच्या बॉम्बे सॅपर्सचेच, १९४१ ला अ‍ॅबिसिनियात (आताचं इथिओपिया). चार दिवसांत ५५ मैल रस्ता, १५ सुरुंगक्षेत्रं, त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली आणि हे परत पुढच्या गाडीत जाऊन बसले. त्यांनाही पदक रस्ता मोकळा केल्याबद्दलच मिळालं. आमच्या रेजिमेंटमध्ये रिक्रूट या दोघांची नावं ऐकतच मोठा होतो. इंजिनियर्स कोअरचं ब्रीदवाक्यच ‘सर्वत्र’ आहे.

तांबडी_माती

काका, मनापासून धन्यवाद. ‘हात मातीत आहेत’ हे वाचून गप्पच झालो. माझा प्रश्न मिटला.

आडवाटेचा_वाटसरू

थोडी भर राजौरीच्या बाजूने. मी त्या रस्त्याने प्रवास केलाय, आता तो जम्मू ते पूंछ असा मोठा हायवे आहे. नौशेरा सोडलं की डोंगर अंगावर येतात, वळण संपलं म्हणेपर्यंत दुसरं. हा जुना मुघल रस्ता, चिंगसला अजून त्या काळची सराय उभी आहे, १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर वारला तेव्हा त्याची आतडी तिथे पुरली असं म्हणतात, लोक त्यासाठीच थांबतात. मी थांबलो ते वेगळ्या कारणाने, राणे साहेबांचे रणगाडे १० एप्रिलला २ वाजता जिथे पोचले ते हेच ठिकाण.

घाई का होती हे खडकीकरांनी फार थोडक्यात उरकलंय. १९४७ च्या दिवाळीच्या सुमारास राजौरी पडली तेव्हा तिथे हजारो लोकांची कत्तल झाली, आजूबाजूच्या गावांतून जीव वाचवायला आलेले लोकही त्यात सापडले. पुढचे पाच महिने जे जिवंत राहिले ते कैदेत नाहीतर जंगलात. फौज आत शिरली ती १२-१३ एप्रिलला, आणि तिथे आजही १३ एप्रिलला राजौरी दिवस पाळतात. म्हणजे ज्या रस्त्यावर राणे साहेब पहाटे पावणेपाचला जाऊन बसत होते त्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं वाट बघत होती. एक दिवस उशीर म्हणजे काय हे त्या हिशोबाने बघावं लागतं. आपल्याकडे महाराष्ट्रात ४७-४८ चं युद्ध म्हणजे श्रीनगर विमानतळ आणि झोजिला एवढंच माहीत असतं, जम्मूच्या बाजूचं हे सगळं कुणी सांगतच नाही.

शिक्षिका_सातारा

मी आठवीला शिकवते. हे सायटेशन मी मागच्या वर्षी वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांना सांगितलं की वह्यांत नुसत्या वेळा लिहा. ८ एप्रिल सकाळी ११ ते रात्री १०. ९ एप्रिल सकाळी ६ ते संध्याकाळी सव्वासहा. १० एप्रिल पहाटे पावणेपाच ते रात्री ९. ११ एप्रिल सकाळी ६ ते रात्री १०. बेरीज करा म्हटलं. साडेपंचावन्न तास आले. वर्ग एकदम शांत. एक मुलगा म्हणाला बाई मध्ये जेवले कधी. तेच तर लिहिलंय म्हटलं, जेवले नाहीत.

आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी, अपशिंगे मिलिटरी इथून जवळच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. मुलांना बंदूक, युनिफॉर्म याचं आकर्षण खूप. पण फौजेत रस्ता बांधणारा, पूल टाकणारा, पाणी शोधणारा माणूस पण असतो आणि तो सगळ्यांच्या पुढे असतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. इंजिनियरिंगला जायचं म्हणणाऱ्या दोन मुली नंतर येऊन विचारत होत्या की आम्हाला चालेल का.

निशिगंधा

धागा वाचून राहवलं नाही. माझे आजोबा, आईचे वडील, बॉम्बे सॅपर्समध्ये होते. युद्धाबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही. आजीला विचारलं तर म्हणायची, मनीऑर्डर यायची तेवढं मला माहीत, बाकी माणूस कुठे आहे ते पोस्टमनलाच ठाऊक.

पण काही सवयी होत्या. रस्त्यात पडलेली कुठलीही गोष्ट, डबा असो, नारळाची करवंटी असो, आम्हा मुलांना लाथ मारू द्यायचे नाहीत. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस त्या एका गोष्टीला असा ओरडायचा की आम्ही जागीच थिजायचो. शेतात बांधावरून चालताना काठी जमिनीत सरळ न टेकवता तिरकी टेकवायचे. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसाची लकब असेल. वर माजी सॅपर काकांनी ३० अंश लिहिलंय ते वाचलं आणि आईला फोन केला. ती पण रडायला लागली. आम्ही वीस-पंचवीस वर्षं त्या काठीकडे बघत होतो आणि आम्हाला कुणालाच कळलं नाही ते काय करतायत.

गावात पूल नव्हता तेव्हा ओढ्यावर पावसाळ्यात त्यांनी दोन नारळाची झाडं आणि दोर घेऊन साकव बांधला होता, दर वर्षी श्रावणाच्या आधी स्वतः जाऊन गाठी तपासायचे. माणसं त्यांना मिल्ट्रीतले तात्या म्हणायची.

आजोबा नेमके कुठे कुठे होते हे आता कसं कळेल? त्यांची काळी ट्रंक आहे घरी पण मामाने तिला हिरवा ऑइलपेंट दिला त्यात वरचा फौजेचा नंबर गेला. डिस्चार्ज बुक सापडत नाही.

खडकीकर

निशिगंधा, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. नंबरचं माजी सॅपर काकाच सांगतील.

तोपर्यंत राणे साहेबांचं पुढचं लिहून टाकतो. पदक गॅझेट झालं जून १९५० मध्ये, परमवीर चक्र सुरूच झालं २६ जानेवारी १९५० ला. पहिल्या पाचांपैकी शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग हे तिघे मरणोत्तर, जिवंतपणी ते छातीवर लावायला मिळाले ते करम सिंग आणि राणे या दोघांनाच. पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं, जन्माने युरोपियन, विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. चार वज्रं आणि जांभळी रिबन. आणि पहिलं परमवीर गेलं ते त्यांच्याच मुलीच्या दिराला, सोमनाथ शर्मांना.

राणे साहेब १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यानंतरही पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत काम केलं. २८ वर्षांची नोकरी आणि पाच वेळा मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे लढाईच्या अहवालात नावाचा गौरवाने उल्लेख. सर्वोच्च पदक मिळालेला माणूस नंतर वीस वर्षं नेहमीसारखी ड्युटी करतो, बदल्या घेतो, रिक्रूट घडवतो, हा भाग मला तितकाच मोठा वाटतो आणि त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले, ७६ वर्षांचे होते. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमानच्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली त्यात एक त्यांच्या नावाचं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परम योद्धा स्थळावर सगळ्या परमवीरांचे अर्धपुतळे आहेत तिथेही ते आहेत.

काळीनदी

जहाजाचं आमच्या बाबांना माहीत होतं, कारवार बंदराच्या माणसांना जहाजांची नावं पाठ असतात. बाबा म्हणायचे रस्ता बांधणाऱ्याचं नाव समुद्रात फिरतंय.

माजी_सॅपर

निशिगंधा ताई, तुमच्या आजोबांची काठी वाचली. ते सॅपर होते याला मला दुसरा पुरावा नको.

कागदांचं सांगतो. बॉम्बे सॅपर्सच्या जवानांचं रेकॉर्ड बीईजी रेकॉर्ड्स, खडकी इथेच असतं. तिथे अर्ज करायचा, वारस म्हणून आईच्या सहीने केलात तर बरं. नंबर (सापडला तर), हुद्दा, नाव, गाव, तालुका, आणि अंदाजे कधी भरती कधी डिस्चार्ज एवढं लिहा. नावाची स्पेलिंग मात्र दोन-तीन प्रकारे द्या, तेव्हाचे क्लार्क ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचे, जाधवचं काय काय व्हायचं ते मी बघितलंय. तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते अर्ज भरायला मदत करतात. आजीला पेन्शन होती का? असेल तर पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) नंबर असणारच, बँकेच्या जुन्या पासबुकाबरोबर ठेवलेला सापडतो बहुतेक वेळा.

काहीच नाही मिळालं तर मेडल बघा. घरात असतील तर त्यांना पॉलिश करत बसू नका. जाड गोल मेडलच्या कडेवर, पुढे-मागे नाही, कडेवर, बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घ्या, उन्हात तिरकं धरा आणि सावकाश फिरवा. शून्य आणि सहा यात घोळ होतो म्हणून दोघांनी वेगवेगळं वाचून लिहून घ्या आणि मग ताडून बघा. ४७-४८ ला जम्मू-काश्मीरमध्ये होते का हेही त्यातच कळेल, जनरल सर्व्हिस मेडलच्या रिबनवर जम्मू अँड काश्मीर लिहिलेली पट्टी असते. नंबर मिळाला की इथे टाकू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्ज कसा लिहायचा ते मी कळवतो.